मेंदूतील ‘थांब’ हा संदेश दिसतो तेव्हा

मेंदूतील चेतापेशी परस्परांना दोन प्रकारचे संदेश देतात: एक उत्तेजनाचा, दुसरा थांबण्याचा. हा दुसरा, निरोधी संदेश मेंदूत प्रामुख्याने ‘गाबा’ या रसायनामार्फत जातो. तो दुबळा झाला की अपस्माराचे झटके येऊ शकतात. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहणे दीर्घकाळ अवघडच होते. उत्तेजित पेशीत कॅल्शियम शिरते आणि कॅल्शियमचे प्रकाशमान सूचक चमकून उठतात. गप्प बसवलेली पेशी मात्र अंधारातच राहते.

वाट सापडली ती क्लोराइडमुळे. गाबा पोहोचताच पेशीच्या आवरणातील सूक्ष्म मार्ग उघडतात. प्रौढ पेशीत क्लोराइड अल्प असल्याने ते बाहेरून आत येते आणि पेशी शांत होते. काचेची सूक्ष्म नळी पेशीला जोडून विद्युत्प्रवाह मोजता येतो. परंतु एका वेळी एक-दोनच पेशींचा, आणि नळीतील द्रावामुळे आतले क्लोराइडच बदलण्याचा धोका असतो.

थॉमस कुनर व जॉर्ज ऑगस्टीन यांनी २००० साली ‘क्लोमेलिऑन’ हा सूचक प्रसिद्ध केला. जेलीफिशच्या ज्या प्रथिनावरील कार्याला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याचीच निळसर व पिवळी अशी दोन रूपे यात जोडलेली आहेत. निळसर प्रथिन आपली ऊर्जा पिवळ्याकडे सोपवते. क्लोराइड चिकटले की पिवळे मंदावते. दोन रंगांच्या गुणोत्तरावरून क्लोराइड किती, ते कळते. पेशी स्वतःच हे प्रथिन तयार करते, ही मोठीच सोय.

मात्र या सूचकाला शंभर मिलिमोलरहून अधिक क्लोराइड असल्यावरच निम्मा प्रतिसाद मिळे. प्रौढ चेतापेशीत ते बहुधा पाच-दहाच असते. धान्याची पोती तोलण्याच्या काट्यावर केशर मोजण्यातलाच हा प्रकार! २०१३ मधील ‘सुपरक्लोमेलिऑन’ने हा आकडा वीसच्या आसपास आणला. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. पिवळे प्रथिन आम्लतेनेही मंदावते, आणि गाबाने उघडलेल्या मार्गांतून बायकार्बोनेट बाहेर पडल्याने पेशी किंचित आम्लधर्मी होते. आम्लता स्वतंत्रपणे मोजलेली नसेल, तर अशा चित्रांवर विसंबणे धाडसाचे. २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘आयगाबास्निफर’ हा सूचक थेट गाबाच टिपतो. पण गाबा कोठे सुटला एवढेच तो सांगतो, त्याने पुढे काय केले ते नाही.

आणि ते ‘पुढे काय’ महत्त्वाचे आहे. अपरिपक्व चेतापेशींत क्लोराइड अधिक असते. तेथे गाबा शांत करण्याऐवजी उत्तेजनही देऊ शकतो. नवजात बालकांच्या झटक्यांवर गाबाचा प्रभाव वाढवणारे फिनोबार्बिटल देतात. ते अनेकदा अपुरे का पडते, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण हेच. पेशीतील क्लोराइड घटवावे, या आशेने युरोपात बुमेटनाइड या मूत्रल औषधाची नवजातांवर चाचणी झाली. अपेक्षित गुण दिसला नाही, काही बालकांच्या श्रवणशक्तीला बाधा झाली आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध रक्तातून मेंदूत फारच थोडे उतरते, हेही त्यामागचे एक कारण मानले जाते.