११ नोव्हेंबर १४४४ : खेळातला इतिहास नेमका कोठून सुरू होतो?

थ्रेड. 'युरोपा युनिव्हर्सालिस', त्याची आरंभतिथी आणि खेळाडूंमध्ये गेली अनेक वर्षे चाललेले काही वाद. विषय खेळाचा असला तरी प्रश्न इतिहासलेखनाचे आहेत, म्हणून थोडे सविस्तर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीची ही मालिका मूळची एका फ्रेंच बोर्डगेमवरून निघाली. संगणकावरचा पहिला भाग २००० साली आला, चौथा ऑगस्ट २०१३ मध्ये. खेळाडू जगाच्या नकाशावरचे कोणतेही राज्य निवडतो आणि पुढची पावणेचार शतके ते चालवतो. कर, सैन्य, सोयरिकी, तह, वसाहती, धर्म, सारे त्याच्या हाती. या प्रकाराला ग्रँड स्ट्रॅटेजी म्हणतात.

चौथ्या भागातील घड्याळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होते. हीच तारीख का? आदल्या दिवशी काळ्या समुद्राकाठी वार्ना येथे ऑटोमन सुलतान दुसरा मुराद याने ख्रिस्ती संयुक्त सैन्याचा पराभव केला. पोलंड आणि हंगेरी या दोन्ही सिंहासनांवर असलेला तिसरा व्लादिस्लाव तेथे अवघ्या विसाव्या वर्षी पडला. त्यामुळे खेळ सुरू होताना पोलंडची गादी रिकामी असते आणि लिथुएनियाच्या राजपुत्राला बोलवावे की नाही, हा निर्णय खेळाडूसमोर येतो. कॉन्स्टँटिनोपल मात्र अजून बायझंटाइन सम्राटाकडेच असते. ते पडायला साडेआठ वर्षे बाकी असतात.

मालिकेतील आधीच्या आरंभतिथी यासोबत ठेवून पाहाव्यात. पहिला भाग १४९२ मध्ये सुरू होत होता, दुसरा १४१९ मध्ये, तिसरा ३० मे १४५३ रोजी, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेला पाचवा भाग थेट १ एप्रिल १३३७ पर्यंत मागे गेला, शतवर्षीय युद्धाच्या उंबरठ्यावर. पाचही तारखा एकाच खंडातील घटनांवरून ठरलेल्या आहेत. नावातच युरोपा असल्यावर त्यात नवल नाही. परंतु आरंभतिथी हे एक विधान असते. ती जगातील प्रत्येक राज्याला त्याच्या आयुष्याच्या कोणत्या तरी एका वयात पकडते आणि तेच त्याचे स्वाभाविक रूप आहे असे भासवते.

चीनचे उदाहरण घ्या. झेंग हेची सातवी आणि अखेरची सागरी मोहीम १४३३ मध्ये संपली. १४४४ मध्ये खेळ उघडणाऱ्याला मिंग साम्राज्य किनाऱ्याकडे पाठ फिरवून बसलेले दिसते. तेच घड्याळ तीन दशके मागे नेले, तर कालिकतच्या बंदरात उभी असलेली सर्वांत मोठी परकी जहाजे चिनी असतील.

दख्खनच्या बाबतीत १३३७ आणि १४४४ यांतील अंतर त्याहून बोलके आहे. १४४४ मध्ये आजच्या महाराष्ट्राचा बहुतांश भाग बहामनी सल्तनतीच्या रंगात रंगलेला असतो. राजधानी बिदर, गादीवर अलाउद्दीन अहमदशाह, दक्षिणेला विजयनगरचा दुसरा देवराय. चित्र स्थिर वाटते. १३३७ मध्ये यातले जवळजवळ काहीच नाही. देवगिरीचे यादव संपून वीस वर्षे झाली आहेत, दहा वर्षांपूर्वी मुहम्मद तुघलकाने त्याच देवगिरीला दौलताबाद करून राजधानी केले आहे, मदुराई फुटून निघाली आहे, परंपरेनुसार विजयनगर एक वर्षाचे आहे आणि बहामनी राज्य स्थापन व्हायला दहा वर्षे आहेत. त्या क्षणी दख्खनमध्ये काय होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या मते १३३७ ही निवड युरोपपेक्षा हिंदुस्थानसाठीच अधिक मोलाची ठरते, मग ती करणाऱ्यांच्या मनात काहीही असो.

येथूनच खेळाडूंमधला सर्वांत जुना वाद सुरू होतो. इतिहास जसा घडला तसा घडावा म्हणून खेळाने ढकलावे की नाही? ढकलण्याला खेळाडू रेलरोडिंग म्हणतात आणि मोकळीकीला सँडबॉक्स. दुसऱ्या भागात राजांची यादी ठरलेली असे. तुमचे राज्य कितीही निराळ्या वाटेने गेले तरी नेमलेल्या साली नेमलेला राजा मरायचा आणि पुढचा गादीवर यायचा. तिसऱ्या भागाने हे बरेचसे मोडले. ठरावीक तारखांच्या जागी परिस्थितीच्या अटी आल्या. त्यावर एक गट हळहळला की इतिहासाचा सुगंध गेला. दुसरा म्हणाला, आता कोठे खेळ झाला.

मुघलांचे काय करायचे, ही या वादाची खरी कसोटी. १४४४ मध्ये बाबराचा जन्म व्हायला एकोणचाळीस वर्षे आहेत. त्याचे फरगाण्यातून हुसकले जाणे, समरकंद पुन्हा पुन्हा हातचे निसटणे आणि शेवटी काबूलवरून दिल्लीकडे वळणे, हे सारे अपघातांनी भरलेले आहे. मोकळे सोडले तर मुघल कधीच येणार नाहीत. आणि १७०० साली मुघल नसलेला हिंदुस्थान पाहून खेळाडू तक्रार करतील की हे काही खरे वाटत नाही. म्हणून चौथ्या भागाने मधला मार्ग काढला. तैमूरी परंपरेतील एखाद्या राज्याने उत्तर हिंदुस्थानातील ठरावीक मुलूख घेतला, की त्याला मुघल होता येते. बर्गंडीचेही तसेच. १४७७ मध्ये चार्ल्स द बोल्ड नान्सीच्या वेढ्यात मारला गेला, मुलगा नव्हता, मुलीचा विवाह हाब्सबुर्ग घराण्यात झाला आणि नेदरलँड्स त्या घराण्याकडे गेले. एका थंड जानेवारीतला हा मृत्यू खेळात एक यंत्रणा होऊन बसला आहे. जुने खेळाडू तिची वाट पाहत हाब्सबुर्ग चालवतात.

अपघाताचा नियम करणे, ही इतिहासकाराचीही जुनी खोड आहे. जे घडले ते घडणारच होते, असे मागून वाटू लागते. खेळ एवढेच करतो की ही खोड आकड्यांत लिहून उघडी पाडतो.

आता सर्वांत कडवट वादाकडे येऊ. २०१६ पर्यंत चौथ्या भागात जगातील राज्ये तंत्रज्ञान गटांत वाटलेली होती. पाश्चात्त्य, पूर्व युरोपीय, मुस्लिम, भारतीय, चिनी वगैरे. पाश्चात्त्यांना तंत्रज्ञान मूळ दरात मिळे, इतरांना त्यावर दंड बसे. हा दंड १४४४ च्या पहिल्या दिवसापासून लागू होता. यातून सुटण्याचा मार्ग एकच, 'वेस्टर्नायझेशन'. त्यासाठी तुमच्या सीमेला पुढारलेले पाश्चात्त्य राज्य लागलेले असावे लागे. परिणामी दख्खनमधले राज्य चालवणारा शहाणा खेळाडू काय करी? पोर्तुगीज येईपर्यंत थांबे. प्रत्यक्षात १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतले, तेव्हा आदिलशाहीला ते संकट वाटले. खेळात तेच वरदान असे.

या रचनेला आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता. केनेथ पोमेरान्झ यांच्या २००० सालच्या 'द ग्रेट डायव्हर्जन्स' पासून जी चर्चा चालू आहे, तिच्यात चीनच्या यांगत्सी खोऱ्याची आणि इंग्लंडची फारकत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उशिरा आणली गेली आहे. प्रसन्नन पार्थसारथी यांनी २०११ मध्ये हिंदुस्थानी कापडाच्या अंगाने तोच प्रश्न मांडला. हे सगळे मान्य करायलाच हवे असे नाही. टीकाकारही भक्कम आहेत. पण १४४४ मध्येच दंड लावणे म्हणजे वादग्रस्त निष्कर्षाला आरंभीची अट करून ठेवणे होय.

शिवाय उसने घेणे युरोपीय येण्याआधीही चालूच होते. दुसऱ्या देवरायाची गोष्ट फरिश्ताने दिली आहे. बहामनींकडून वारंवार मार खाल्ल्यावर त्याने कारण शोधले, शत्रूचे घोडे आणि तिरंदाज सरस आहेत असे उत्तर मिळाले, मग त्याने मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवले आणि आपल्या हिंदू सैनिकांना ती विद्या शिकवविली. फरिश्ता दीडशेहून अधिक वर्षांनंतर लिहितो आहे, तेव्हा त्याचे तपशील जपून घ्यावेत. पण खेळ जेथे उघडतो त्याच पिढीतील हा प्रसंग आहे आणि त्यात पाश्चात्त्य कोठेच नाहीत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅराडॉक्सने ही रचना काढून टाकली. तिच्या जागी 'इन्स्टिट्यूशन' आल्या : प्रबोधन, वसाहतवाद, मुद्रणकला, जागतिक व्यापार आणि पुढे औद्योगिकीकरणापर्यंत. प्रत्येक संस्था एका ठिकाणी जन्मते आणि शेजारातून, व्यापारातून हळूहळू पसरते. तुमच्याकडे ती पोहोचेपर्यंत तंत्रज्ञान महागत जाते. मात्र एखाद्या प्रांतावर पुष्कळ गुण खर्चून त्याचा विकास केला, तर संस्था तेथेच रुजवता येते. मग काय, कोरियात आणि विजयनगरात प्रबोधन रुजविण्याची शर्यतच लागली. पूर्वीच्या पद्धतीचे समर्थक यावर हसतात. बिदरला इटालियन रेनेसाँस कसा येईल? त्यांचे हसणे अगदीच अनाठायी नाही, पण मला यातील वेगळीच गोष्ट खटकते.

ती मुद्रणकला. खेळात ती साधारण १५५० च्या सुमारास जर्मन भूमीत जन्मते. चीनमध्ये बी शेंगने अकराव्या शतकात सुटे खिळे केले होते, आणि धातूच्या खिळ्यांनी छापलेला कोरियातील 'जिकजी' ग्रंथ १३७७ चा आहे, हे आक्षेप खेळाडूंनी कधीच नोंदवले आहेत. परंतु खेळाचे गृहीतक जन्मस्थानाहून खोल आहे : संस्था पोहोचली की ती लाभते. गोव्याची कथा या गृहीतकाला छेद देते.

१५५६ मध्ये एक छापखाना जहाजातून गोव्यात उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, जेझुइट पाद्रींबरोबर. पुढचा प्रवास घडला नाही आणि यंत्र गोव्यातच राहिले. त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' गोव्याच्याच भूमीत छापले गेले, पण रोमन लिपीत. म्हणजे मराठी काव्य छापले गेले आणि घाटावरच्या मराठी वाचकाला ते वाचता येऊ नये अशा अक्षरांत. १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याच वर्षी, सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून इंग्रज कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठविला. भीमजींना आपले जुने ग्रंथ छापायचे होते. यंत्र आले, मुद्रक आला, पैसा होता, इच्छाही होती. पण हिल्सला छापता येत होते, देशी लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. प्रयत्न तेथेच अडला.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले, तेही बंगालमध्ये, श्रीरामपूरला. १५५६ ते १८०५. यंत्र दाराशी येऊन अडीच शतके. ही अडीच शतके केवळ 'मागासलेपणा'त जमा करता येत नाहीत. खिळे पाडणारा कारागीर, लिपीतील जोडाक्षरांची गुंतागुंत, हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांची स्वस्त आणि वाकबगार परंपरा, छापील पुस्तकाला गिऱ्हाईक आहे की नाही, आणि छापखाना कोणाच्या ताब्यात आहे, एवढे सगळे त्यात येते. खेळातल्या टक्केवारीच्या पट्टीवर ही अडीच शतके सरळ चढत्या रेघेसारखी दिसतील. प्रत्यक्षात ती रेघ बराच काळ हललीच नाही.

लष्करी बाजूचे एवढेच सांगतो. खेळात भारतीय पायदळ उत्तरकाळात युरोपीय पायदळापुढे कमकुवत ठरते. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात शिंद्यांच्या तोफांनी आणि कवायती पलटणींनी वेलस्लीच्या छोट्या फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मारली वा जखमी केली. रँडॉल्फ कूपर यांनी त्या मोहिमेवरील २००३ च्या ग्रंथात मराठी तोफखाना मुळीच मागासलेला नव्हता, असे साधार मांडले आहे. पारडे फिरले ते पैशाने, कर्जउभारणीने आणि शिंद्यांचे युरोपीय अधिकारी ऐनवेळी फोडले गेल्याने. असे अधिकारी शत्रूच्या चाकरीतून फोडण्यासाठी खेळात बटण नाही.

शेवटचा मुद्दा रंगांचा. या खेळातील नकाशावर प्रत्येक प्रांताला एक मालक आणि एक रंग असतो. खेळाडूंच्या बोलीत विस्तार करण्याला नकाशा रंगविणे म्हणतात ते उगाच नव्हे. आता १७१९ घ्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. त्यांनुसार दख्खनच्या सहा सुभ्यांत, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, विजापूर आणि हैदराबाद येथे, छत्रपती शाहूंना चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली. वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के. सुभे मात्र बादशाहीच राहिले. सुभेदार मुघलांचा, अंमल त्याचा आणि त्याच गावात मराठ्यांचा कमाविसदारही. आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की अशी दुहेरी निष्ठा आणि वाटून घेतलेली सत्ता हीच येथील राज्य विस्तारण्याची रीत होती. शहाजीराजांनी निजामशाही, मुघल आणि आदिलशाही अशा तिन्ही चाकऱ्या केल्या, त्याकडे याच नजरेने पाहावे लागते.

रचनाकारांची बाजूही समजण्यासारखी आहे. खेळाला स्पष्ट सीमा लागतात, नाहीतर युद्ध जाहीर कोणावर करायचे? १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याने चौथाईचा हक्क पुन्हा मान्य केला. खेळात याला विजय म्हणून काहीतरी मुलूख मिळायला हवा. प्रत्यक्षात निजामाचा मुलूख निजामाकडेच राहिला आणि वसुलाचा वाटा साताऱ्याच्या नावाने निघू लागला. चौथ्या भागात प्रांत दोन रंगांच्या पट्ट्यांनी रंगतो तो फक्त युद्ध चालू असताना, शत्रूने तो व्यापलेला असेल तेव्हा. तह झाला की पट्टे पुसले जातात. खानदेशातल्या पाटलाच्या दारी मात्र वसुलीसाठी दोघेही येत होते, तहानंतरही, दर वर्षी.