गालिच्यावरील तेलकट डाग

गालिचा, सतरंजी, जाजम अशा बिछायतीवर खाद्यतेल, तूप, दिव्याचे तेल किंवा वंगण सांडून उमटणाऱ्या डागांना तेलकट अथवा स्निग्ध डाग म्हणतात. तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे असे डाग केवळ पाण्याने निघत नाहीत. ते काढण्याची पद्धत तेलाच्या प्रकारापेक्षाही बिछायतीच्या धाग्यावर अधिक अवलंबून असते. सुती सतरंजीला मानवणारा उपाय लोकरीच्या गालिच्याचा नाश करू शकतो.

बिछायतीचे प्रकार

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर आणि परिसरात लग्नकार्य, कीर्तन व पंगत यांसाठी प्रामुख्याने सतरंजी अंथरली जाते. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील वरंगळ हे सतरंज्यांचे प्रसिद्ध केंद्र होते. वरंगळच्या सतरंजीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतरंजी सपाट विणीची असते, तिला लव नसते. त्यामुळे ती उलटता येते, बादलीत भिजवता येते आणि दोन्ही बाजूंनी धुता येते. गालिच्याला उभ्या धाग्यांची लव असते व तेल तिच्या मुळाशी उतरते. यंत्रावर तयार केलेल्या अनेक गालिच्यांच्या पाठीला चिकटद्रव्याचा थर असतो. तो तीव्र द्रावकाने सुटतो.

प्राथमिक उपाय

तेल सांडताच ते टिपणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. जाड सुती कापड डागावर दाबावे. घासू नये, कारण घासल्याने तेल पसरते व लव विस्कटते. गोठलेले तूप किंवा डालडा चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडून घ्यावा. त्यानंतर डागावर मक्याचे पीठ, शंखजिरे किंवा मुलतानी माती पसरून काही तास, शक्यतो रात्रभर, ठेवतात. बारीक कणांमधील पोकळ्या तेल शोषून घेतात. लोकरीतील तेल काढण्यासाठी अशा शोषक मातीचा उपयोग प्राचीन काळापासून होत आला आहे. फिक्या रंगाच्या गालिच्यावर मात्र मातीचाच डाग पडण्याचा संभव असतो. घरात हाताशी असते म्हणून बेसन वापरण्याचा प्रघात आहे. ते पूर्ण झटकले नाही तर कीड लागते.

साबण व अपमार्जक

उरलेला डाग साबणाने निघतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाशी व दुसरे पाण्याशी जुळते, त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगू लागतात. लोकर हे प्रथिन असल्याने धुण्याच्या सोड्याने ती कमजोर व खरखरीत होते; क्लोरीनयुक्त विरंजकाने तर ती विरघळूही शकते. लोकर व रेशीम यांसाठी रिठ्याचे पाणी परंपरेने वापरले जाते. भांडी घासण्याचे सौम्य द्रव अपमार्जक कोमट पाण्यात थोडेसे मिसळून त्याचा केवळ फेस लावला तरी चालते. आधी एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यावर रंग सुटतो का, हे पाहणे आवश्यक आहे. शेवटी ओल्या कापडाने साबण पूर्ण टिपावा, अन्यथा त्यावर धूळ चिकटून डाग परतल्याचा भास होतो.

हळद आणि करडई

पंगतीतील भाजीचा डाग बहुधा निव्वळ तेलाचा नसतो. वसमतच्या हळदीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. हळदीतील कुरकुमिन पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळते व तेलाबरोबर धाग्यात शिरते. साबण लावताच डाग लाल होतो. डाग बिघडला असे समजून अधिक सोडा चोळला जातो, आणि खरे नुकसान तेथे होते. हा लाल रंग अल्कलीमुळे आलेला असतो. लिंबाच्या रसाने तो पुन्हा पिवळा होतो. तेल निघाल्यावर उरलेला पिवळेपणा उन्हाने फिकट होतो. बिछायतीचा मूळ रंग उडू नये म्हणून ऊन बेताने द्यावे.

करडईच्या तेलाचा प्रश्न निराळा आहे. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. म्हणूनच रंग व रोगण यांत त्याचा उपयोग होतो. त्याचा जुना डाग हे तेल राहत नाही, तर चिवट पापुद्रा बनतो व साबणाला दाद देत नाही. शेंगदाण्याच्या तेलाचा डाग तुलनेने दीर्घकाळ काढण्याजोगा राहतो.

वंगण आणि द्रावके

गाडीच्या वंगणात काजळी व धातूचे कण मिसळलेले असतात. त्यावर प्रथम थोडे स्वच्छ खोबरेल लावून काळेपणा सैल करतात, तो टिपतात आणि मग वरीलप्रमाणे तेल काढतात. रॉकेल किंवा पेट्रोलने डाग पुसण्याची सवय मात्र घातक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा समईपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकते. कोरड्या धुलाईचा उगम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये टेबलाच्या कापडावर सांडलेल्या दिव्याच्या तेलातून झाला, अशी आख्यायिका आहे. आज हे काम बंदिस्त यंत्रात होते. घरातील सतरंजीवर ते करू नये. मौल्यवान हातविणीचा गालिचा जाणकार धुलाईकाराकडे द्यावा व डाग कशाचा आणि किती दिवसांचा आहे, हे त्याला सांगावे.