पडद्यावरची मोलकरीण

१९३३ च्या ‘प्रोफेशनल स्वीटहार्ट’ या चित्रपटात जिंजर रॉजर्स रेडिओवरची लाडकी गायिका आहे. एकदा तिच्याऐवजी तिची मोलकरीणच माइकसमोर गाऊन जाते. ही टेरेसा हॅरिस. श्रेयनामावलीत मात्र तिचं नावच नाही!

ह्यूस्टनची ही कृष्णवर्णीय अभिनेत्री गाणारी, नाचणारी. पण हॉलिवूडच्या स्टुडिओंनी तिच्या हाती बहुधा ट्रेच दिला. त्याच वर्षीच्या ‘बेबी फेस’मध्ये ती बार्बरा स्टॅनविकची जिवाभावाची सोबतीण आहे. बाप तिला हाकलू लागतो, तेव्हा स्टॅनविक सुनावते, ती गेली तर मीही जाईन. असा प्रसंग तेव्हा विरळाच.

टेरेसा १९८५ मध्ये वारली. तिच्यावरून सुचलेलं लिन नॉटेज यांचं नाटक २०११ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आलं. त्यात मोलकरणीचं नाव थेट शीर्षकात आहे, पण ते व्हेरा स्टार्क.