परभणी नीट लागतं का?

हिंगोलीत रेडिओ घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘आवाज कसा आहे?’ हा कधीच नव्हता. ‘परभणी नीट लागतं का?’ हा होता. त्याआधीच्या पिढीचा प्रश्न जास्त जोखमीचा होता.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. हैदराबादचं नभोवाणी केंद्र १९३५ मध्ये संस्थानाने आपल्या ताब्यात घेतलं. १९४७-४८ च्या धामधुमीत डेक्कन रेडिओवरून बोलायचं ते निजामाचं सरकारच. दुसरी बाजू ऐकायची तर मुंबई नाहीतर दिल्ली लागायला हवी. त्यासाठी बऱ्यापैकी व्हॉल्व्हचा सेट, बॅटरी आणि घरावर उंच ताणलेली एरियलची तार हवी. १७ सप्टेंबर १९४८ ला शेवटी खुद्द निजामालाच हैदराबादच्या रेडिओवर येऊन युद्धबंदी जाहीर करावी लागली. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत या तारेचं नाव निघत नाही, निघायला हवं.

१ एप्रिल १९५० ला डेक्कन रेडिओ आकाशवाणीत गेला. पुढे ट्रान्झिस्टर आले, परभणी केंद्र आलं, १३०५ किलोहर्ट्झवर. मिडियम वेव्हवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचंच अंतर, त्यामुळे ध्वनी साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वर फारसा जात नाही. एफएमवर तो पंधरापर्यंत जातो. म्हणजे भजनातला माणसाचा गळा नीट येतो, टाळांची झळाळी मात्र वाटेतच कापली जाते. आमच्याकडे स्पीकर माठाच्या तोंडावर उपडा ठेवायची रीत होती. खर्ज मस्त घुमायचा. पण प्रक्षेपणातच नसलेले टाळ माठ कुठून आणणार?

आज घरी ‘डिजिटल रेडिओसाठी चांगली सिस्टीम’ घ्यायला निघालेला माणूस अजून माठच शोधत असतो, फक्त महागडा.

एका नातेवाइकांनी लंडनहून देखणा डिजिटल रेडिओ आणला. तो डॅब पद्धतीचा. आपल्याकडे आकाशवाणीने डीआरएम पद्धत निवडली; पस्तीसएक मिडियम वेव्ह प्रक्षेपक तिच्यासाठी सज्ज केले. त्यामुळे लंडनचा सेट इथे शोभेचा. डीआरएम बऱ्याच नव्या गाड्यांत आहे, पण घरात ठेवायचा सेट बाजारात सहजी मिळत नाही. त्यातून डिजिटलचा एक स्वभाव आहे: सिग्नल पुरेसा असला तर स्वच्छ, कमी पडला की एकदम शांतता. खरखरीतून कान लावून बातमी ऐकायची सोय त्यात नाही. १९४८ ला ही पद्धत असती तर किती घरांत दिल्ली पोचली असती, असा विचार मनात येतोच.

मी केलं ते साधं. आईला परभणीच हवं होतं, आणि घरातले एलईडी दिवे नि चार्जर मिडियम वेव्हवर एवढी घरघर करतात की संध्याकाळी निवेदकाचं नावही कळत नाही. परभणी आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर सापडतं. फ्री डिशच्या डब्यावरही आकाशवाणीच्या बऱ्याच वाहिन्या येतात. दोन्हीकडून साधी वायर जुन्या ॲम्प्लिफायरला, त्यापुढे दोन बेताचे लाकडी स्पीकर. ब्लूटूथ टाळलं, कारण आधीच दाबून आलेला आवाज तिथे पुन्हा दाबला जातो. ‘डिजिटल’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या पेटीचे पैसे स्पीकरवर घातले. पत्र्याखाली आवाज झणझणतो म्हणून स्पीकरमागे गोधडी टांगली. त्या गोधडीने जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या किमतीच्या स्पीकरने पडला नसता.

टाळ आता ऐकू येतात. आईचं मत वेगळं: आवाज चांगला आहे, पण वेळ चुकते. तिचं बरोबर आहे. इंटरनेटवरून येणारी आकाशवाणी थोडी मागे असते, आणि ती बातम्यांवर घड्याळ लावणारी.

तिचा ट्रान्झिस्टर म्हणून खिडकीतच राहिला. पावसाळ्यात वीज जाते, थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही जाते. घरघर करणारे दिवेही तेव्हा बंद असतात, आणि दोन सेलवर १३०५ खणखणीत लागतं.