गिंको : घराच्या आवारातील दीर्घायुषी वृक्ष

सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ज्याच्या कुळाच्या खुणा आढळतात, त्या गिंको वृक्षाची आज एकच जाती शिल्लक आहे. मूळचा चीनमधला हा वृक्ष अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॅमिल्टन यांनी फिलाडेल्फियात आणला. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडल्यानंतरही तेथील काही गिंकोंना पुन्हा पालवी फुटली. धूर, कीड आणि रोग यांना दाद न देणारा हा वृक्ष अमेरिकेतील अनेक शहरांत रस्त्याकडेला दिसतो.

निवड : गिंकोत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादीच्या बियांवरील गराला खवट लोण्यासारखी दुर्गंधी येते, आणि बिबा उतावा तसे त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात. बियांपासून वाढवलेले रोप नर की मादी, हे कळायला वीसहून अधिक वर्षे लागू शकतात. तोवर झाड तोडणे जिवावर येते. म्हणून रोपवाटिकेतून नर वाणाचे कलमच घ्यावे. प्रशस्त आवारासाठी ‘ऑटम गोल्ड’, तर अरुंद जागेसाठी उभट वाढणारे ‘प्रिन्स्टन सेंट्री’ सोयीचे.

लागवड : भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी, दलदल मानवत नाही. पूर्ण वाढलेले झाड ५० ते ८० फूट उंच होते, म्हणून घराची भिंत आणि विजेच्या तारा यांपासून ते पुरेसे दूर लावावे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद असावा, मात्र त्याहून खोल नसावा.

निगा : पहिली दोन-तीन वर्षे कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यावे. बुंध्याभोवती दोन-तीन इंच लाकडाच्या भुश्श्याचे आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. कोवळे झाड विरळ आणि वेडेवाकडे दिसते, म्हणून त्याचा शेंडा छाटू नये. वाळक्या फांद्या हिवाळा सरताना काढाव्यात.

सावधगिरी : चीन-जपानमध्ये गिंकोच्या बिया शिजवून खातात, परंतु कच्च्या किंवा जास्त प्रमाणात खाल्ल्यास विषबाधा होऊन झटके येऊ शकतात. लहान मुलांना त्यांपासून दूरच ठेवावे.

शरदात पंख्यासारखी पाने सोनेरी होतात आणि कडक थंडी पडताच बहुतेक सगळी एक-दोन दिवसांतच गळतात. त्यामुळे अंगण झाडण्याचे कामही एकदाच उरकते. झाडाची वाढ संथ असते. त्याची खरी सावली लावणाऱ्यापेक्षा पुढच्या पिढीला लाभते.