लाखोळीचे विष आणि मजुरीचे धान्य

पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. या उतेरा पेरणीला मशागत लागत नाही, पाणी बेताचेच लागते, आणि इतर पिके माना टाकतात तेव्हाही लाखोळी तग धरते. उत्तरेत तिलाच खेसारी किंवा तिवरा म्हणतात. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचे अमिनो आम्ल असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६४ साली ते वेगळे काढून दाखवले. मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या ग्लुटामेटशी त्याचे इतके साम्य आहे की चेतापेशी त्यालाच ग्लुटामेट समजते. मग ती अखंड उत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियम शिरत जाते, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात आणि पेशी मरते. मेंदूकडून पाठीच्या कण्याकडे हालचालीचा हुकूम नेणाऱ्या लांब पेशींना याची झळ सर्वाधिक बसते. बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा धड असतात. पण पाय ताठरून चालताना कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, आणि हे पंगुत्व सहसा जन्माचे असते. पेशी कशी मेली ते यावरून कळते. ती बहुतेक वेळा शेतमजुराचीच का, याचे उत्तर मात्र त्याला मजुरीत काय मिळत होते त्यात शोधावे लागते.

स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली अशी एक साथ नोंदवून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेऱ्याने पीक खाल्ले. उजाड शेतांत तिवरा तेवढा आपोआप उगवत राहिला आणि लोक त्यावर जगले. १८३३ च्या सुमारास तिशीच्या आतली माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. तिवरा त्या भागाला नवा नव्हता. नवे होते ते एवढेच, की ताटात दुसरे काही उरले नव्हते. साधारणतः आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीचा असेल आणि तसे दोन-तीन महिने चालले, तरच धोका गंभीर होतो. शिवाय गंधकयुक्त अमिनो आम्ले शरीराला या विषाशी झुंजायला मदत करतात असे दिसते, आणि लाखोळीत नेमकी तीच कमी असतात. तृणधान्य, दूध, अंडी यांतून ती भरून निघतात. म्हणजे ज्याच्या ताटात हे आहे त्याने वाटीभर लाखोळीचे वरण खाल्ले तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

दुष्काळात सगळेच भरडले जातात, त्यात मजुरीचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण रिवा-सतना भागात दुष्काळ नसतानाही माणसे पांगळी होत राहिली. तिथे वेठबिगारांना मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. मालकाच्या घरी गहू शिजे. याहून उघड पुरावा दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ मध्ये रुमानियाने व्याप्निआर्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना मुख्यतः याच कडधान्यावर ठेवले. काही आठवड्यांत शेकडो जण पांगळे होऊ लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. तिथे ना अवर्षण होते ना शेती. काय खायचे हे दुसऱ्याने ठरवले होते, एवढेच रिव्याशी साम्य.

म्हणूनच भारतात लाखोळीवर आलेली १९६१ ची विक्रीबंदी मला चुकीच्या दारावर लावलेले कुलूप वाटते. लागवडीवर बंदी नव्हती. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या मुख्य उत्पादक राज्यांनी विक्रीबंदीही लागू केली नाही. शिवाय ज्याचे पाय जात होते तो ही डाळ दुकानातून विकत घेत नव्हता. ती त्याच्या पदरात मोजली जात होती. बंदीने तुरीच्या डाळीतली आणि बेसनातली भेसळ थोडीफार अडली असेल, आणि शहरी ग्राहकासाठी ते कमी नव्हे. पण रोग ओसरला तो बंदी नसलेल्या राज्यांतही. सिंचन आले, गहू वाढला, रेशनचे धान्य पोहोचले, १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने संपली; या बदलांचे श्रेय मला अधिक वाटते.

यावर बंदीच्या समर्थकांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: मजुरीत गहू दिला असता तर कितीही गरिबीने कोणी असा पांगळा झाला नसता, तेव्हा विषाला निर्दोष ठरवू नका. बरोबर आहे, विष दाण्यातच आहे. ते कमी करता येते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकले तर बराच भाग निघून जातो, आणि ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारख्या कमी ओडॅपच्या जातीही आल्या आहेत. पण भिजवायला आणि शिजवायला पुरेसे पाणी-सरपण दुष्काळात कुठून आणायचे? ओडॅपचे प्रमाणही केवळ जातीवर ठरत नाही, ते जमिनीवर आणि हवामानावर हलते. पाण्याचा ताण पडला की तेच झाड दाण्यात अधिक ओडॅप साठवू शकते, आणि पाण्याचा ताण पडतो त्याच वर्षी शेतात लाखोळीखेरीज काही उभे नसते.