ड्रिल मशीनला लाकडी पेटी का लागते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना मी फार भरकटतो, तेवढं काढलंय. बाकी तसंच आहे.

विषय तसा घरचाच. आमच्या कन्हानमध्ये सकाळी सात-साडेसातला रस्त्यावर उभं राहा. कामठी आणि नागपूरकडे कामाला जाणारे सुतार दिसतील. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर रबरी दोरीने आवळलेली एक लाकडी पेटी असते. खोबणीत सरकणारं झाकण, वर दोन कडे, बाजूला कडी-कोयंडा आणि कुलूप. आत ड्रिल मशीन, चार इंची ग्राइंडर, कधी छोटं रंधा मशीन. आता गंमत बघा. ड्रिल मशीन विकत घेतलं की कंपनी प्लास्टिकची पेटी बहुतेक वेळा सोबतच देते. मग हा माणूस वेळ आणि प्लायवूड खर्चून दुसरी पेटी का बनवतो?

एका ओळखीच्या सुतारभाऊंना मी हेच विचारलं. ते म्हणाले, "कंपनीची पेटी कब्ज्यातून तुटते नं भाऊ. मंग काय मशीन गोणीत टाकून नेता का?"

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, बैलगाडी यांची दुरुस्ती त्याने करायची आणि सुगीला धान्याचं बलुतं घ्यायचं. लाकूड शेतकऱ्याचं, पण हत्यारं सुताराची. वाकस, करवत, रंधा, पटाशी, आणि भोक पाडायला सामता. सामता म्हणजे दोरीच्या धनुकलीने मागेपुढे फिरणारं ड्रिल. या हत्यारांना काय जपायचं? धार. बाकी पडलं, आपटलं, भिजलं तरी पुसून पुन्हा कामाला लागतं. म्हणून सुताराची जुनी पेटी म्हणजे एक मोठा खोका. सगळं एकात, फार तर वर एक ट्रे. ही पद्धत जगभर तीच. स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९३६ मध्ये शेत नांगरताना ओक लाकडाची एक पेटी सापडली. सुमारे हजार वर्षं जुनी, भोवती लोखंडी साखळी, आणि आत सुतार-लोहाराची दोनशेच्या वर हत्यारं आणि वस्तू. आपल्या एखाद्या मिस्त्रीपुढे ती उघडली तर निम्मी हत्यारं तो नावानिशी ओळखेल.

पण ड्रिल मशीनची पेटी या घराण्यातली नाही. तिचे पूर्वज वेगळे आहेत, आणि त्यांच्यातला एक आपल्या विदर्भातूनच गेलाय.

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. पुढे आपलं ठाणं हैदराबादहून नागपूरला हलवत असताना, २० जानेवारी १८२३ ला, हिंगणघाटला तो गेला. (कामठीची छावणी १८२१ ची. म्हणजे आमच्या नदीपलीकडे तेव्हा फौज नुकतीच बसली होती.) त्याच्याकडे कोन मोजायचं एक यंत्र होतं, थिओडोलाइट. वजन जवळजवळ अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं वर्तुळ वाकलं. लॅम्बटन सुमारे सहा आठवडे ते हळूहळू ओढून-ठोकून सरळ करत बसला.

वाकस आदळली तर असं होत नाही. नाजूक यंत्राचं मात्र होतं. त्यामुळे दुर्बिणी, होकायंत्रं, मोजणीची यंत्रं यांच्यासाठी वेगळीच पेटी घडली. एका वस्तूला एक पेटी, आणि आत त्या वस्तूच्याच मापाचं घर. वस्तू आत हलायलाच नको. बाहेर सागवान किंवा महोगनी, आत बनातीचं अस्तर. सर्वेक्षणाचे जुने फोटो बघितलेत तर यंत्राशेजारी ही पेटी हमखास दिसते.

आता विजेच्या हत्यारांकडे येऊ. १८९५ मध्ये जर्मनीत, श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हाताने उचलता येणारं विजेचं ड्रिल बनवलं. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका असलेल्या ड्रिलचं पेटंट घेतलं. आज आपण जे ड्रिल धरतो त्याची ठेवण तीच. आणि हे हत्यार बघा कसं आहे! आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, कार्बन ब्रश, बेअरिंग, हवा जायला फटी. बाहेरून पाहिलं तर हातोड्याचा भाऊ, आतून थिओडोलाइटचा.

तरीही बरीच वर्षं त्याला पेटी लागली नाही. का? कारण ते मशीन कामगाराचं नव्हतंच. आमचा हा पट्टा म्हणजे कोळसा खाणी, वर मनसरकडे मँगनीज, आणि रेल्वे. अशा ठिकाणी ड्रिल असायचं टूल रूममध्ये. पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, मशीन घ्यायचं, पाळी संपली की परत देऊन बिल्ला घ्यायचा. माझे वडील एका खाणीत फिटर होते. तीस वर्षं मोठमोठी मशीनं खोलली आणि जोडली. घरी काय होतं? एक पक्कड आणि दोन पेचकस. फाटकातून बाहेर पडताना हातात फक्त डबा असायचा. निवृत्त झाल्यावर गावात दुरुस्तीचं काम करायचं त्यांच्या फार मनात होतं. हुनर सगळं होतं, हत्यार एकही नव्हतं. तेव्हा एका चांगल्या ड्रिलची किंमत ऐकून ते गप्प बसले, आणि तो विषय तिथेच संपला.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मशीनं स्वस्त झाली आणि सुताराच्या स्वतःच्या मालकीची झाली. माझ्या मते इतिहास इथे वळला. बलुतेदाराच्या काळात हत्यार कारागिराचं होतं, कारखान्यात ते मालकाचं झालं, आणि आता ते परत कारागिराकडे आलंय. फक्त परत आलं ते विजेचं होऊन. म्हणून त्याची पेटीही दोन्ही घराण्यांची झाली. सुताराच्या खोक्यासारखी दणकट आणि कुलूपबंद, आणि आतून यंत्राच्या पेटीसारखी मापाची. जर्मनीत १९९३ मध्ये एकावर एक अडकणाऱ्या प्लास्टिक पेट्या आल्या, सिस्टेनर नावाच्या. कल्पना उत्तम, पण किंमत बघून आपला मिस्त्री हसतो.

त्या सुतारभाऊंची पेटी मी उघडून नीट बघितली. बाजूंना १२ मिलिमीटरचं प्लायवूड, तळाला ६ चं. सगळं गिऱ्हाइकाच्या फर्निचरमधून उरलेलं. ड्रिल आडवं ठेवून त्याच्या पोटाखाली आणि नाकाखाली लाकडाचे दोन ठोकळे, मशीनच्या आकारात कोरलेले. ठोकळ्यांवर जुन्या नमद्याचा तुकडा. फोम का नाही? तर फोम पावसाळ्यात ओल धरतो. वायरला वेगळा कप्पा, कारण गरम मशीनभोवती वायर आवळून गुंडाळली की ती मुठीजवळ आतून तुटते. चकची चावी झाकणाच्या आत एका खाचेत, कारण ती सगळ्यात आधी हरवते. ग्राइंडरच्या चकत्या सपाट ठेवल्यात, कोरड्या. हे मात्र हौसेचं नाही, जिवाचं आहे. ओल लागलेली किंवा तडकलेली चकती फिरताना फुटली की थेट तोंडावर येते. चकतीच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती तुम्हीही बघत जा.

लाकडाचंही शास्त्र आहे. काही जण बाभळीची पेटी करतात. मजबूत असते, पण बाभळीत टॅनिन भरपूर. ओल आली की लोखंड काळं पडतं, गंज धरतो. सागाला अंगचं तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. इंग्रजांच्या आरमाराला सागाची जहाजं आवडायची त्याचं एक कारण हेच, ओकमध्ये लोखंडी खिळे खराब व्हायचे. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेलं सागवानी ट्रिंकोमली जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. अर्थात आज पेटीसाठी कोणी अख्खा साग कापत नाही. नागपूरच्या लकडगंजातून सागाच्या चार पट्ट्या आणायच्या, त्या कडांना लावायच्या, बाकी प्लाय. पूर्वी हे जोडायला सरस उकळावा लागायचा, वास घरभर. १९५९ ला फेविकॉल आलं आणि ती कटकट गेली.

पेटीचं बाहेरचं माप मात्र मशीनवरून ठरत नाही. ते ठरतं मोटारसायकलच्या सीटवरून आणि रामटेक पॅसेंजरच्या बाकाखालच्या जागेवरून. कारण पेटी मालकासोबतच घरी परत यायला हवी. चालू कामाच्या साइटवर रात्री ठेवलेलं मशीन सकाळी असेलच असं नाही, आणि गेलं तर त्याची भरपाई कोणी देत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ प्रकारच्या कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. चांगलंच आहे. पण ड्रिल, ग्राइंडर आणि रंधा मशीन बऱ्या कंपनीचं घ्यायला गेलात तर तेवढ्यात हिशेब काठावर येतो. एक पेटी गेली की किती दिवसांची मजुरी गेली, हे तुम्हीच मोजा.

खंडेनवमीला हे सुतारभाऊ पेटी पूर्ण रिकामी करतात. मशीनमधला भुसा फुंकून काढतात, कार्बन ब्रश बघतात, सगळं सतरंजीवर मांडून हळद-कुंकू लावतात. यंदा त्यांनी बॅटरीचं ड्रिल घेतलंय. त्याची मूठ खालून रुंद, बॅटरीमुळे, त्यामुळे जुन्या ठोकळ्यांत ते बसत नाही. दोन्ही ठोकळे उपटून नवे कोरायला घेतलेत. बॅटरीसाठी कप्पा कुठे काढायचा यावर मी गेलो तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या पोराचा वाद चालू होता. पोराचं म्हणणं झाकणात, बापाचं म्हणणं तळाशी, कारण सीटवर पेटी उन्हात तापते ती वरून.